सावलीची मोजणी

कापड मोजणारी माणसं मी रोज बघतो. ऊस मोजणारी, दूध मोजणारी, पंगतीत दुसऱ्याच्या ताटातल्या भाकरी मोजणारीही बघितलीत. पण सावली मोजणारा माणूस उभ्या आयुष्यात एकच बघितला, आणि तोसुद्धा माझ्याच दुकानाच्या दारात.

दिवाळी नुकतीच झाली होती. माझं दुकान म्हणजे कोल्हापुरातल्या एका रिक्षा स्टॉपमागचा दहा बाय बाराचा गाळा. चाळीस वर्षं मी तिथं रिक्षाची हुडं शिवतोय. दस्तगीर हूडवाला म्हटलं की कुठलाही रिक्षावाला तुम्हाला दारात आणून सोडेल. त्या दिवशी मशीनवरनं मान वर केली तर दारात एक उंच, काटकुळा म्हातारा उकिडवा बसलेला. पांढरा शर्ट, खाकी पँट, डोक्याला टोपी, हातात लोखंडी फीत. माझ्या दुकानापुढच्या कापडी छपराची सावली रस्त्यावर पडली होती. तिच्या कडेनं खडूची रेघ मारून तो ती मोजत होता आणि वहीत लिहीत होता.

मला वाटलं, अतिक्रमणवाले आले.

"ओ पावणं, काय चाललंय?" मी आवाज चढवूनच विचारलं.

"छप्पर चार फूट, सावली साडेपाच," तो मान वर न करता म्हणाला. "दीड फूट जास्त टाकतंय. बरं शिवलंय. तूच शिवलंस काय?"

"न्हाय, आभाळातनं पडलं."

"मग मला बी एक सावली शिवून दे."

"कापड म्हणा की."

"कापडाशी मला काय करायचंय? कापड तू कुठलं बी लाव. मला सावली पायजे. साडेतीन बाय दोन फूट. आत उन्हाचा एक ठिपका चालायचा न्हाय."

हे आमचे आण्णा. सरकारी मोजणी खात्यात पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. आडनाव त्यांच्या सातबाऱ्यावर असेल, बाकी सगळे त्यांना मोजणी आण्णाच म्हणतात. गारगोटीच्या डोंगरापासून कुरुंदवाडच्या नदीकाठापर्यंत त्यांनी भावाभावांतले बांध मोजले, चुन्याच्या रेघा मारल्या, हद्दीचे दगड रोवले आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. नोकरी संपली, पण फीत काही खिशातनं उतरली नाही. "डोळ्यानं नको सांगू, फितीनं सांग," हे त्यांचं आवडतं वाक्य. तुम्ही म्हणालात, "आण्णा, आज थंडी जास्त हाय," तरी हेच ऐकायला मिळणार.

मंडईत ते दोडका फितीनं मोजून घेतात. एका लग्नात तर पंगत तिरकी बसलीय म्हणून त्यांनी भरल्या पानांवरनं साठ माणसं उठवली आणि सुतळी धरून पुन्हा सरळ बसवली. गरम जेवण गार झालं, नवरदेवाचा चुलता हमरीतुमरीवर आला. पण फोटोत ती पंगत काय दिसते म्हणून सांगू! आजही ते घर फोटो दाखवताना नवरा-नवरीच्या आधी पंगत दाखवतं.

असा माणूस माझ्या स्टुलावर बसून म्हणाला, "होडीवर बसवायची हाय सावली."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कोल्हापूर आणि होडी? आम्हाला पाणी माहीत ते पुराचं आणि म्हशी धुवायचं. पण आण्णांनी खरंच होडी घेतली होती, तीही शिडाची. कुठल्याशा बंद पडलेल्या पाण्यातल्या खेळांच्या क्लबानं भंगारात काढलेली, बारा फूट लांब, दोन माणसं जेमतेम बसतील एवढी. वर्षभर खपून त्यांनी ती घासली, रंगवली, शीड लावलं. गारगोटीच्या बाजूला त्यांचा थोडा मळा आहे, त्याला लागून तलाव आहे. तिथं जाऊन, मोबाईलवर बघून आणि अकरा वेळा पाण्यात पडून ते शीड हाकायला शिकले. अकरा हा आकडा त्यांचाच. वहीत तारीखवार नोंद आहे.

दोन दिवसांनी दुकानात पोस्टकार्ड आलं. "कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या राहत्या घरी होडीची मोजणी होणार आहे. तरी संबंधितांनी समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी थांबणार नाही." घर माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. पण नोटीस दिल्याशिवाय आण्णा फीत उघडत नाहीत. शेजारच्या चारी घरांनासुद्धा नोटीस गेली होती, आणि कोल्हापूरची माणसं, चारी घरं खुर्च्या घेऊन हजर!

अंगणात लाकडी घोडीवर होडी चढवलेली. आण्णांनी होडीच्या शाईनं काढलेल्या नकाशावरनं मोठ्यानं चतुःसीमा वाचून दाखवल्या. "पूर्वेस डोलकाठी. पश्चिमेस सुकाणू आणि त्याच्या पुढ्यात हाकणाऱ्याची जागा. दक्षिणेस आणि उत्तरेस होडीचा काठ. मधली बसायची फळी, साडेतीन बाय दोन, ही मिळकत." मग त्यांनी त्या फळीभोवती चुन्याची रेघ मारली. फळीवर त्यांनी एक गोल लोड उभा केला होता, पांढरंशुभ्र धोतर गुंडाळलेला. उन्हाचा ठिपका पडला तर पांढऱ्यावर लगेच दिसावा म्हणून. शेजारच्यांनी लोडाला नमस्कार केला.

"आणि हाकणाऱ्याच्या जागंला सावली किती धरायची?" मी खडू घेऊन विचारलं.

"त्याला कशाला पायजे?"

"अवो, तिथं तुम्हीच बसणार न्हवं?"

"म्हणून तर म्हणतो. पस्तीस वर्षं उघड्या रानात काढली. मला ऊन लागत न्हाय. तू रेघंच्या आत बघ."

आता कापडाचं ऐका. रिक्षा हुडाचं कापड निवडायला मला पाच मिनिटं लागतात. आण्णांना दीड महिना लागला. पहिल्यांदा मी ताडपत्री दिली. ते तिच्याखाली तासभर थर्मामीटर घेऊन बसले आणि घाम पुसत म्हणाले, "दस्तगीर, ह्यात भुईमुगाच्या शेंगा चांगल्या भाजतील." रोपवाटिकेची हिरवी जाळी दाखवली, तर खाली रुमाल पसरून त्यांनी उजेडाचे ठिपके मोजले. "ही सावली न्हाय, चाळण हाय." रिक्षाचं रेग्झिन तापतं म्हणून गेलं. सुती कॅनव्हास आवडला, पण तो त्यांनी बादलीत भिजवून वजन केला आणि नाक मुरडलं. शेवटी हॉटेलांच्या छपरांना लागतं ते जाड कापड मी मागवलं. पाण्यानं कुजत नाही, उन्हानं विटत नाही. आण्णा ते डोक्यावर घेऊन भर रस्त्यात सूर्याकडं तोंड करून उभे राहिले. दहा मिनिटं. स्टॉपवरचे रिक्षावाले विचारायला लागले, "आण्णा, फोटो काढायलायसा काय?"

कापडाच्या आतनं आवाज आला, "अंधार हाय. पास!"

तेव्हा माझा संयम सुटला. मी म्हटलं, "आण्णा, एवढं कोण बसणार हाय ओ त्या फळीवर? मंत्री हाय का महाराणी?"

त्यांनी कापडाची घडी घातली. काठाला काठ जुळवून, चार वेळा.

"आमची मंडळी," ते म्हणाले.

मग चहा आला, आणि आण्णांनी पहिल्यांदाच न मोजता काहीतरी सांगितलं. वैनींना सहा वर्षांपूर्वी असा आजार जडला की ऊन अंगाला लागलं की चट्टे उठतात, ताप चढतो, सांधे धरतात. औषध चालू आहे, पण डॉक्टरांनी ऊन वर्ज्य सांगितलंय. मागं एकदा भाच्याच्या लग्नाला जीपनं निघाल्या, खिडकीच्या पडद्याला दोन बोटं फट राहिली, आणि महिनाभर अंथरुणात होत्या. तेव्हापासून दिवसा घराबाहेर नाही. सगळ्या खिडक्यांना जाड पडदे. संध्याकाळी आण्णा डॉक्टरांचं मलम लावतात, वर कोरफडीचा गर. अंगणात कोरफडीच्या कुंड्या आहेत, एकमेकींपासून बरोबर एक फुटावर. आण्णांच्या बोटांना कसला वास येतो ते मला तेव्हा कळलं.

"मग सूर्य मावळल्यावर न्या की होडीतनं," मी म्हटलं. "शेड बी नको, काय बी नको."

आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी बांध कोरताना सापडलोय.

"कुरुंदवाडची हाय ती. नदीकाठची. भर दुपारी नावंतनं पलीकडं साळंला जायची. सहा वर्षं झाली, दिवस मावळल्यावर चोरागत बाहेर काढतो मी तिला. तिनं दुपार बघितली न्हाय दस्तगीर. मला तिला दुपार दाखवायची हाय. रथसप्तमीला. सूर्याचा सण आणि ही पडद्याच्या आत बसून दूध उतू घालती."

मी चहा पिऊन टाकला आणि मशीनवर बसलो. त्या दिवशी मी दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही.

वैनींना मी भेटलो ते छपराचे पाइप बसवायला गेलो तेव्हा. आत बोलावलं. भर दुपारी घरात ट्यूबलाइट. वैनी ठेंगण्या, गोऱ्या, आवाज मात्र खणखणीत.

"दस्तगीरभाई, तुम्ही तरी शाणं असाल असं वाटलं हुतं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या नादाला लागून टबावर मांडव घालायलाय व्हय?"

"वैनी, तुमच्यासाठीच चाललंय."

"म्हाइत हाय. माझी बी मोजणी झालीया. बसल्यावर उंची किती, मांडी किती लांब. मी काय बिनशेती प्लॉट हाय?" मग पडद्याकडं बघत जरा हळू म्हणाल्या, "एकदाच बसणार. आत ऊन आलं आणि आजारी पडलो, तर ह्या माणसाला आयुष्यभर चैन पडायचं न्हाय. माझं दुखणं परवडलं, ह्यांचं तोंड बघवत न्हाय. म्हणून म्हणतो, नीट शिवा."

एवढी ताकीद मला माझ्या उस्तादानंही दिली नव्हती.

मी जीव ओतून शिवलं. कुजू नये म्हणून नायलॉनचा दोरा, दुहेरी शिलाई, पितळी रिंगा. आतून गारवा राहावा म्हणून पांढरं अस्तर. शिडाची आडवी काठी वळताना माणसांच्या डोक्यावरनं फिरते, म्हणून छप्पर तिच्या खाली बसवायचं होतं. ती किती खालनं फिरते ते आण्णांनी मला प्रत्यक्ष दाखवलं. कपाळावरचं टेंगूळ आठवडाभर होतं. अंगणात छप्पर चढलं. अकरा ते एक आण्णा घड्याळ घेऊन लोडाशेजारी उभे. ऊन एका बाजूनं येत होतं, सावली बरोबर चुन्याच्या रेघेत. एक ठिपका नाही! आण्णांनी वहीत लिहिलं, "हद्द कायम," आणि खाली माझी सही घेतली. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रथसप्तमीला नऊ दिवस होते. होडी टेंपोत घालून आम्ही तलावावर गेलो. चाचणीला वैनींच्या जागी मी बसलो, मांडीवर लोड. मला पाण्याची भीती वाटते हे मी आजवर घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. लोडाला मी अशी काही मिठी मारली होती की काठावरची एक म्हातारी बघतच उभी राहिली.

आण्णांनी शीड ओढलं. होडी सुटली. सावली रेघेत. "बघितलंस?" आण्णा मागनं ओरडले. मग त्यांनी सुकाणू फिरवलं, होडी वळली, आणि भसकन ऊन माझ्या तोंडावर आलं.

आण्णांनी पुन्हा वळवली. ऊन पाठीवर गेलं. आणखी वळवली, तर लोडाचं अर्धं धोतर झळझळीत पांढरं. आणि वर बघतो तर माझ्या त्या गारव्याच्या पांढऱ्या अस्तरावर पाण्यातला उजेड नाचतोय, लाटांसकट. वरचं ऊन अडवलं, तर हे खालनं आलं होतं.

होडी तिथंच थांबली. शीड फडफडत राहिलं.

आण्णांनी लोडावरचं ऊन बघितलं. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं जमीन मोजली दस्तगीर. कुठलीच जमीन फिरली न्हाय."

मला आधी खो खो हसू आलं. अंगणातल्या घोडीवर होडी एका तोंडानं उभी होती आणि आम्ही दोघं शहाणे तिच्या सावलीला चुना मारत होतो! मग त्यांचं तोंड बघितलं आणि माझं हसणं थांबलं. कुणाला सांगू? मी चाळीस वर्षं रिक्षाची हुडं शिवतोय. रिक्षा दिवसातनं शंभर वेळा वळते, हे काय मला माहीत नव्हतं? मोजणीदार चुकला तर चुकला, हूडवाल्यानं कसं चुकावं?

परत येताना टेंपोत आण्णा एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. संध्याकाळचीच फिरवून आणतो तिला." वही त्यांनी उघडलीच नाही. चाचणीची नोंद नाही, तारीख नाही. मला तेच फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मन लागत नव्हतं. एक रिक्षावाला पावसाळी पडदा दुरुस्तीला टाकून गेला होता. बाजूला बांधतात तो, गुंडाळून वर घ्यायचा, पट्टा सोडला की खाली. मी तो पट्टा लावत होतो. लावला, सोडला. परत लावला, सोडला. आणि कपाळावर हात मारला. टेंगळावरच बसला.

तसाच उठून आण्णांच्या घरी गेलो.

"चारी बाजूला गुंडाळायचे पडदे," मी दारातनंच सांगितलं. "जिकडनं ऊन येईल तिकडचा खाली, बाकीचे वर. पाण्याची बाजू दिसत ऱ्हाती. काठाला खाली झालर, आत अस्तर गडद निळं, म्हंजे खालचा उजेड बी नाचायचा न्हाय."

आण्णांच्या डोळ्यांत जरा जीव आला. पण लगेच मान हलवली. "होडी वळंल तसा पडदा कोण सोडणार? माझा एक हात सुकाणूला, एक शिडाच्या दोरीला."

"वैनी सोडतील."

"आणि चुकली तर? एकदा उशीर झाला तर?"

आतल्या खोलीतनं वैनींचा आवाज आला, "नावंत वाढलोय मी. वारं कुठनं येतंय, नाव कुठं वळणार, ह्यांच्या आधी मला कळतंय. पट्टं तेवढं हाताला येतील असं लावा दस्तगीरभाई."

"आण्णा," मी म्हटलं, "त्यांची सावली त्यांच्या हातात द्या की जरा."

आण्णा उठले आणि पट्ट्याची लांबी मोजायला वैनींचा हात फितीनं मोजून आले.

आठ दिवस मी दुसरं काही शिवलं नाही. स्टॉपवरचे रिक्षावाले फाटकी हुडं घेऊन येऊन परत जात होते आणि मला नाही नाही ते बोलत होते. मीही त्यांना सोडत नव्हतो.

रथसप्तमीला साडेअकराला जीप तलावाच्या काठाला लागली. वैनी उतरल्या त्या लांब बाह्या, हातमोजे, तोंडाला ओढणी आणि वर आण्णांनी धरलेली भली मोठी छत्री. छत्री अशी धरली होती की आण्णा स्वतः पूर्ण बाहेर. वैनी छपराखाली जाऊन बसल्या, पट्टे एकदा ओढून बघितले आणि मला म्हणाल्या, "शिलाई बरी हाय." चाळीस वर्षांत कुणाच्या शाबासकीनं मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

होडी निघाली. मी काठावर उभा, आणि खरं सांगतो, अल्लाचं नाव घेत होतो. होडी वळली. ऊन आत जायच्या आधीच डावा पडदा खाली आला, उजवा वर गेला. पुन्हा वळली, पुढचा खाली, डावा वर. एकदाही उशीर नाही! भर दुपारचं पाणी नुसतं लखलखत होतं आणि त्या उघड्या बाजूनं बाहेर एक हातमोजा घातलेला हात आला, लहान वाटीतलं दूध पाण्यात सोडून आत गेला. माझ्या डोळ्यांना धार लागली. उन्हानं असेल म्हणावं, तर मी झाडाखाली उभा होतो.

ठरलं होतं तासाभराचं. अर्ध्या तासातच होडी तडक काठाकडं आली. मी झाडाखालनं पाण्यापर्यंत धावत गेलो.

आण्णा होडी ओढून बांधत होते, मान खाली. छत्री मी धरली. वैनींचा चेहरा ओढणीआड, पण डोळे लाल.

"वैनी, कुठं लागलं ऊन?"

"मला कुठं लागतंय? ह्यांच्याकडं बघा!"

मी बघितलं. आण्णांची मान, कान, नाक, सगळं भाजलेल्या वांग्यागत झालं होतं. छत्री धरायच्या नादात टोपी जीपमध्येच राहिली होती, आणि पाण्यातलं ऊन खालनं लागलं ते वेगळंच.

"मी गार सावलीत, आणि हा माणूस समोर होरपळतोय. अर्धा तास बघत बसलो," वैनी म्हणाल्या. आवाज तोच खणखणीत, पण मधेच अडकत होता. "दुपार दाखवतो म्हणं. पाणी बघितलं, रान बघितलं, सगळं हाय तिथंच हाय. पण सहा वर्षात ह्यांना उजेडात बघितलंच न्हवतं मी. घरातल्या दिव्यात कळत न्हाय ओ. भुवया सुदीक पांढऱ्या झाल्यात. कवा झाला हो एवढा म्हातारा हा माणूस?"

आण्णा दोरीला गाठ मारत होते. तीच गाठ त्यांनी सोडली आणि परत मारली.

"दस्तगीरभाई, सांगून ठेवतो," वैनी जीपकडं जाता जाता म्हणाल्या. "दोघांना सावली हुईल तवाच मी परत ह्यात बसणार. न्हाईतर हा टब म्हशींना पाणी पाजायला द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, तर आण्णा आधीच पायरीवर. फीत खिशातच. मग नकाशा काढून माझ्यापुढं ठेवला, तोच, चतुःसीमांचा. मधली फळी आणि मागची हाकणाऱ्याची जागा यांच्यामध्ये आण्णांनी जी शाईची रेघ मारली होती, ती कुणीतरी पेनानं आडवीतिडवी खोडून टाकली होती.

"हिनं खोडली," आण्णा म्हणाले. "म्हणाली, दोन्ही गट एकत्र करा."

"मग सांगा माप. मागं किती फूट वाढवायचं?"

आण्णा गडबडले. अख्खा जिल्हा मोजलेला माणूस खिशातली फीत चाचपायला लागला. "ते मोजलं न्हाय रं," ते म्हणाले. "माझं कधी मोजलंच न्हाय. तूच घे."

मी त्यांना स्टुलावर बसवलं. शिंप्याची कापडी फीत खांद्यावरनं टाकली, बसल्यावरची उंची घेतली. आण्णा श्वास रोखून बसले होते, लहान पोरागत. मानेला माझं बोट लागलं तसं ते चिकटलं. भाजल्या कातडीवर काहीतरी गार लावलेलं होतं.

"कोरफड व्हय?" मी विचारलं.

"व्हय."

"बरी लावलीय की सगळीकडं. आरशात बघून लावली?"

आण्णांनी समोर, माझ्या छपराच्या सावलीकडं तोंड फिरवलं.

"सहा वर्षं मी तिला लावतोय," ते म्हणाले. "काल तिनं मला लावली."

मी बसल्या उंचीचं माप पुन्हा एकदा घेतलं. पहिल्यांदा घेतलेलं नीट दिसलं नव्हतं.